वाचकांचे प्रश्न : एसटीपीची वीज जाते कुठे?

शहरांच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रांतल्या, म्हणजे एसटीपींतल्या, वीजवापराबद्दल आलेल्या पत्रांतली काही येथे घेतली आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : आमच्या नगरपरिषदेचे १० एमएलडीचे केंद्र आहे. वीजबिलावरून दर सभेत गदारोळ होतो. वापर जास्त की रास्त, हे ठरवायचे कसे? काही मापदंड आहे का?
— पाणीपुरवठा सभापती, पश्चिम महाराष्ट्र

उत्तर : ढोबळ आकडे आहेत. एक एमएलडी म्हणजे दिवसाला दहा लाख लिटर. तेवढ्या सांडपाण्याला यूएएसबी (हवेविना, गाळाच्या थरातून पाणी वर नेणारी टाकी) आणि पुढे हवेची टाकी अशा केंद्रात साधारण १२५ युनिट लागतात, एसबीआरमध्ये (एकाच टाकीत पाळीपाळीने भरणे, हवा देणे आणि गाळ बसवणे) १५० च्या आसपास, नेहमीच्या ॲक्टिव्हेटेड स्लज केंद्रात (हवेच्या टाकीत जीवाणूंचा गाळ, पुढच्या टाकीत तो बसवणे) १८० ते १९०, एमबीबीआरमध्ये (जीवाणू प्लास्टिकच्या तरंगत्या तुकड्यांवर वाढतात) २२० च्या पुढे, आणि पाणी गाळणारे पडदे लावलेल्या एमबीआरमध्ये ३०० किंवा त्याहून अधिक.

पण एवढ्यावर निकाल देऊ नका. आपल्याकडे बऱ्याच केंद्रांत मलवाहिनीतले पाणी येत नाही, नाला अडवून त्यातले पाणी येते. ते पातळ असते, पावसाळ्यात तर फारच. ब्लोअरची, म्हणजे टाकीत हवा ढकलणाऱ्या यंत्राची, वीज लिटरवर जात नाही, पाण्यातल्या घाणीवर जाते. म्हणून भागाकार बीओडीच्या किलोने करा. बीओडी म्हणजे ती घाण पचवायला जीवाणूंना लागणारा प्राणवायू.

समजा एका केंद्रात रोज १० एमएलडी पाणी येते. आत येताना बीओडी १८० आणि बाहेर पडताना १० मिलिग्रॅम प्रतिलिटर. म्हणजे दिवसाला १,७०० किलो बीओडी काढला. वीज लागली १,९०० युनिट. एमएलडीमागे १९०, किलोमागे १.१. दुसऱ्या केंद्रात ६ एमएलडी येते, बीओडी ९० वरून १० वर उतरतो, म्हणजे ४८० किलो. वीज १,००० युनिट. एमएलडीमागे फक्त १६७, म्हणजे कागदावर हे केंद्र शहाणे. किलोमागे मात्र २.१. पंपांची वीज लिटरवरच जाते, त्यामुळे पातळ पाण्याच्या केंद्राला या हिशोबात थोडी सूट द्यावी लागते. ती भानगड टाळायची तर फक्त ब्लोअरचे युनिट घेऊन किलोने भागा.

त्यासाठी ब्लोअरला वेगळा मीटर हवा. बहुतेक ठिकाणी एकच मुख्य मीटर असतो आणि बाकी सगळे अंदाजपंचे. आवक पंप, ब्लोअर, गाळ विभाग आणि उरलेले, असे चार मीटर पॅनलमध्ये बसवा. हवेवर साधारण निम्मी ते साठ टक्के वीज जाताना दिसेल.

प्रवाहमापकही एकदा पडताळा. इलेक्ट्रोमॅग्नेटिक मीटर पाइप पूर्ण भरलेला नसेल तर चुकीचा आकडा देतो. पार्शल फ्लूमवरचा (उघड्या चरातला प्रवाह मोजायचा अरुंद गळा) अल्ट्रासॉनिक सेन्सर फेसालाच पाण्याची पातळी समजतो. पंपाचे चाललेले तास आणि त्याचा मोजलेला प्रवाह यांचा गुणाकार जवळपास जुळला पाहिजे.

प्रश्न : एरेशन टाकीत, म्हणजे हवेच्या टाकीत, डीओ (पाण्यात विरघळलेला प्राणवायू) लिटरमागे ४ ते ५ मिलिग्रॅम असतो. सल्लागार म्हणतात २ ठेवा. ठेकेदार म्हणतो, जास्त प्राणवायू असला तर काय बिघडते?
— कनिष्ठ अभियंता, नगरपरिषद, विदर्भ

उत्तर : बिल बिघडते. ३० अंशाच्या पाण्यात प्राणवायू जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास विरघळतो. हवेतून पाण्यात तो शिरतो ते या कमाल मर्यादेत आणि टाकीतल्या डीओत जो फरक असतो, त्याच्या जोरावर. डीओ २ असताना फरक साडेपाच. डीओ ४.५ असताना फरक ३. जीवाणूंनी प्राणवायू तेवढाच खाल्ला तरी दुसऱ्या स्थितीत हवा ५.५ भागिले ३, म्हणजे १.८ पट द्यावी लागते. टाकीच्या खोलीमुळे आणि पाण्यातल्या क्षारांमुळे आकडा थोडा इकडेतिकडे होईल, चित्र हेच राहील.

केंद्रात अनॉक्सिक टाकी, म्हणजे हवा न देता नायट्रेट फोडायची टाकी, असेल तर नुकसान दुहेरी. परतीच्या प्रवाहाबरोबर जादा प्राणवायू तिकडे जातो आणि तिथले जीवाणू नायट्रेट सोडून तो आयता प्राणवायू खातात.

डीओ खाली आणण्याआधी तो मोजणारा प्रोब खरे बोलतो का ते पाहा. प्रोब पाण्यातून काढा, धुवा, ओल्या फडक्याजवळ हवेत धरा. त्या तापमानाच्या कमाल मर्यादेइतका आकडा आला पाहिजे, ३० अंशाला साडेसातच्या आसपास. आठवड्यातून एकदा टोक पुसलेच पाहिजे. त्यावर शेवाळी थर चढला की आतले जीवाणूच प्राणवायू खातात, प्रोब कमी डीओ दाखवतो आणि व्हीएफडी (मोटरचा वेग कमीजास्त करणारे उपकरण) बिचारी इमानदारीने ब्लोअर पळवत राहते. प्रोबची जागाही महत्त्वाची: टाकीच्या तोंडाशी नको, डिफ्युझरच्या (तळाशी बसवलेले, छिद्रांच्या पडद्यातून हवा सोडणारे) बुडबुड्यांच्या थेट वर नको, पृष्ठभागापासून अर्धा ते एक मीटर खाली हवा. एसबीआरमध्ये ठरावीक २ चा आग्रह धरू नका. तिथे भरणाच्या वेळी डीओ शून्याजवळ असतो आणि हवेच्या टप्प्याच्या शेवटी चढतो. तो लवकर चढून तासभर वरच राहत असेल, तर हवेचा टप्पा लांब आहे एवढेच समजायचे.

हवा कमी करायलाही मर्यादा आहे. गाळ तरंगता राहण्यासाठी तळाच्या दर चौरस मीटरला ताशी सव्वादोन घनमीटर हवा लागते. त्याखाली गेलात तर गाळ कोपऱ्यांत बसतो आणि सडतो. पातळ पाण्याच्या केंद्रात हीच मर्यादा आड येते, डीओ २ वर आणता येतच नाही. मग एक टाकी बंद ठेवणे हाच उपाय.

प्रश्न : ब्लोअरला व्हीएफडी लावली तर वेगाच्या घनाच्या प्रमाणात वीज वाचते असे विक्रेत्याने सांगितले. खरे आहे का?
— केंद्रचालक, मराठवाडा

उत्तर : तुमच्याकडे रूट्स, म्हणजे ट्विन लोब ब्लोअर असेल तर नाही. घनाचा नियम पंख्याला आणि सेंट्रिफ्युगल यंत्राला लागू आहे, तोही समोर स्थिर दाब नसताना. ट्विन लोब ब्लोअर प्रत्येक फेऱ्याला ठरावीक हवा ढकलतो आणि दाब किती लागेल हे टाकीतले पाणी ठरवते. वेग ८० टक्के केला तर हवा ८० टक्के आणि वीजही साधारण ८० टक्के. वीस टक्के वाचतात. विक्रेत्याने निम्मी वाचेल असे सांगून किंमत वसुलीचे गणित मांडले असेल तर ते फाडून टाका. व्हीएफडी तरीही घेण्यासारखी आहे.

वेग किती उतरवायचा ते उत्पादकाला विचारा, साधारण ५० ते ६० टक्क्यांखाली कोणी परवानगी देत नाही. कमी वेगात हवा आतल्या आत मागे गळते आणि तापते, गिअरवर तेल नीट उडत नाही, मोटरचा स्वतःचा पंखाही मंदावतो. ब्लोअरमधून बाहेर पडणाऱ्या हवेच्या पाइपचे तापमान रोज लिहून ठेवा. ते चढत गेले की रोटर घासण्याची वेळ जवळ आली.

हवा जास्त होते म्हणून डिलिव्हरीचा व्हॉल्व आवळणे हा घातक प्रकार आहे. दाब वाढतो, वीज वाढते, शेवटी सेफ्टी व्हॉल्व उघडतो आणि विकत घेतलेली हवा आभाळात जाते. बायपास उघडून ठेवणारेही हेच करतात, फक्त आवाज कमी होतो.

हवा कायमच पंधरा-वीस टक्के जास्त असेल, दिवसरात्रीत फारसा फरक नसेल, तर व्हीएफडीची गरजही नाही. मोटरची पुली बदला. २०० मिलिमीटरच्या जागी १७० ची बसवली की वेग १५ टक्के उतरतो. लहान पुलीवर बेल्टची पकड पुरेशी राहते का एवढे तपासून घ्या. खर्च काही हजारांत. कोणी सुचवत नाही, कारण यात कोणाचे टेंडर निघत नाही.

दाबाचा काटा रोज वाचा. डिफ्युझरवर ५ मीटर पाणी असेल तर ०.४९ बार पाण्याचेच. पाइपांचे ०.०२ ते ०.०४, नव्या डिफ्युझरचे तेवढेच. एकूण ०.५५ च्या आसपास. काटा ०.६५ दाखवत असेल तर जादा ०.१० बारसाठी तुम्ही अठरा टक्के वीज भरता आहात. दुसरी जागा हवेचा फिल्टर. ओढीच्या बाजूला २०० मिलिमीटर पाण्याइतका दाब पडला की तीन-चार टक्के वीज जाते, शिवाय हवा विरळ मिळते. शेतांच्या कडेच्या केंद्रांत सुगीच्या दिवसांत फिल्टर आठवड्याला झटकावा लागतो.

प्रश्न : डिफ्युझर चोक झाले हे टाकी रिकामी न करता कसे कळते? साफ कसे करायचे?
— देखभाल ठेकेदार, ठाणे जिल्हा

उत्तर : हवेचा प्रवाह तोच असताना दाब महिन्यामहिन्याला चढत असेल तर छिद्रे बुजत आहेत. दाब अचानक उतरला आणि पृष्ठभागावर एका जागी मोठी उकळी फुटली तर पडदा फाटला आहे किंवा पाइप निखळला आहे. तेवढ्या एका उकळीतून बरीच हवा मोठ्या बुडबुड्यांनी निघून जाते, पाण्यात विरघळत नाही. शांत टाकीवर सकाळी तिरप्या उन्हात हे सगळ्यांत स्वच्छ दिसते.

टाकी चालू असताना दोन कामे दर आठवड्याला करा. पहिले, डिफ्युझरच्या प्रत्येक ग्रिडला (गटाला) पंधरा-वीस मिनिटे उत्पादकाने दिलेली कमाल हवा द्या. पडदा ताणतो आणि कोवळा थर सुटतो. दुसरे, पर्ज व्हॉल्व उघडून पाइपांत साठलेले पाणी बाहेर काढा. यातून गढूळ, गाळाचे पाणी आले तर कुठेतरी गळती आहे.

चुन्याचा थर याने जात नाही. टाकी रिकामी करून कमी दाबाच्या पाण्याने धुवा, मऊ ब्रश फिरवा, मग उत्पादकाने सांगितलेल्या तीव्रतेचे पातळ आम्ल लावून पुन्हा धुवा. आम्ल वापरण्याच्या दिवशी हायपोक्लोराइटचा कॅन आसपासही नको, दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू होतो. टाकीत उतरण्याआधी वायूची तपासणी आणि वर माणूस, हे वेगळे सांगायला नको, तरी सांगतो. धुतलेली टाकी उन्हात कोरडी ठेवू नका. ईपीडीएम रबराचे पडदे कडक होतात, पीव्हीसीचे पाइप वाकतात. डिफ्युझर बुडतील एवढे पाणी लगेच भरा. पडदे पाच ते सात वर्षांत बदलावेच लागतात. त्यापुढे ते चालताना दिसतात, पण छिद्रे सैल होऊन बुडबुडा मोठा झालेला असतो.

आणखी एक. वीज गेल्यावर ब्लोअर उलटा फिरत असेल तर हवा उलटी येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व गेला आहे. टाकीतले पाणी हवेच्या पाइपांत चढते आणि गाळ पडद्याच्या आतल्या बाजूला जाऊन बसतो. तो कोणत्याही आम्लाने निघत नाही.

प्रश्न : क्लॅरिफायरमध्ये, म्हणजे गाळ बसवण्याच्या टाकीत, दुपारी गाळाचे गोळे वर येतात. हवा वाढवली, तरी थांबत नाही. उलट वाढले.
— रसायनतज्ज्ञ, महापालिकेचे केंद्र

उत्तर : वाढणारच. आधी एक परीक्षा करा. एरेशन टाकीतला नमुना एक लिटरच्या सिलिंडरमध्ये बसू द्या. गाळ अर्ध्या तासात छान बसला आणि तास-दोन तासांनी अख्खा थर बुडबुड्यांसह वर आला, तर तो नायट्रोजन आहे.

घडते असे. आपल्याकडचे पाणी २५ ते ३० अंश असते. एवढ्या उबेत गाळाचे वय, म्हणजे केंद्रात तो राहतो तो सरासरी काळ, चार-पाच दिवस झाले की अमोनियाचे नायट्रेट आपोआप होऊ लागते, तुम्हाला हवे असो वा नसो. ते नायट्रेट क्लॅरिफायरच्या तळाशी पोचते. तिथे प्राणवायू नसतो, जीवाणू नायट्रेट फोडतात, नायट्रोजनचे बुडबुडे गाळाला उचलतात. तुम्ही हवा वाढवली म्हणजे नायट्रेट वाढवले.

तात्पुरता उपाय म्हणजे परतीचा गाळ पंप वाढवून क्लॅरिफायरमधला थर पातळ ठेवणे. खरा उपाय नायट्रेट आधीच फोडण्याचा, आणि वीजबिलाचा सगळ्यांत मोठा मुद्दाही इथेच आहे.

दहा लाख लिटरमागे हिशोब पाहा. १७० किलो बीओडीला, किलोमागे १.१ धरून, १८७ किलो प्राणवायू लागतो. ३० मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन म्हणजे ३० किलो. त्याचे नायट्रेट करायला किलोमागे ४.५७ प्रमाणे १३७ किलो. म्हणजे एकूण गरजेतला चाळीस टक्क्यांहून अधिक प्राणवायू अमोनिया खातो. आता त्यातले २० किलो नायट्रेट-नायट्रोजन अनॉक्सिक अवस्थेत फोडले तर किलोमागे २.८६ प्रमाणे ५७ किलो प्राणवायू परत मिळतो, कारण तेवढा बीओडी जीवाणू हवेऐवजी नायट्रेटच्या जोरावर पचवतात. अमोनियाचे नायट्रेट होताना पाण्याची जी अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल झेलण्याची ताकद, खर्च होते, तीही फोडलेल्या नायट्रेटपुरती निम्मी परत मिळते.

वेगळी अनॉक्सिक टाकी नसेल तर हवा आलटूनपालटून द्या: ४० मिनिटे चालू, २० मिनिटे बंद, या अदमासाने सुरुवात. बंद काळात मिक्सर फिरता हवा. नसेल तर दोन-तीन मिनिटांचा हवेचा झटका मध्ये द्या. अमोनिया आणि नायट्रेट रोज तपासून वेळा सुधारा. राष्ट्रीय हरित लवादाने ३० एप्रिल २०१९ च्या आदेशात बीओडी १० आणि एकूण नायट्रोजनही १० मिलिग्रॅम सांगितले आहे. नायट्रोजन काढण्याची सक्ती आली म्हणून बिल वाढणार, अशी ओरड ऐकू येते. उबदार पाण्यात अमोनियाचे नायट्रेट होण्याचा खर्च आपण आधीपासूनच करतो आहोत. नायट्रेट फोडणे ही त्यातली परतफेड आहे.

गाळाचे प्रमाणही पाहा. पुष्कळ केंद्रांत एमएलएसएस, म्हणजे टाकीतल्या पाण्यातला गाळ, लिटरमागे ६,००० मिलिग्रॅमच्या वर ठेवतात, कारण गाळ काढायचा म्हणजे सेंट्रिफ्यूज, पॉलिमर आणि ट्रॉलीचा खर्च. टाकीत राहिलेला गाळ फुकट राहत नाही. तो बसल्या जागी प्राणवायू खातो आणि दाटपणामुळे बुडबुड्यातून प्राणवायू सुटण्याची क्षमता उतरवतो. पॉलिमरचे वाचलेले पैसे ब्लोअरच्या मीटरमधून जातात.

प्रश्न : वीज वाचवणारी ‘बायोकल्चर’ पावडर टाकावी का?
— स्वच्छता निरीक्षक

उत्तर : नको. शहराच्या सांडपाण्यात जीवाणूंची वानवा नाही, आणि एक किलो बीओडी पचवायला लागणारा प्राणवायू पावडरीने बदलत नाही.

प्रश्न : आवक पंपाला व्हीएफडी लावली. वेग ७० टक्क्यांवर आला की पंप फिरतो पण पाणी येत नाही. दोष पंपाचा की ड्राइव्हचा?
— विद्युत पर्यवेक्षक, कोकण

उत्तर : दोघांचाही नाही. पाणी उभे किती उचलायचे हे वेगावर अवलंबून नसते. समजा एकूण हेड, म्हणजे पंपाला भागवावी लागणारी उंची, १२ मीटर, त्यातली उभी उचल ९, पाइपातले घर्षण ३. पंपाचे बंद व्हॉल्ववरचे हेड १८ मीटर. वेग ७० टक्के केला की हे हेड वर्गाच्या प्रमाणात उतरते: १८ गुणिले ०.४९, म्हणजे ८.८ मीटर. उचलायचे आहे ९. पंप पाणी नुसते घुसळतो, तापतो आणि सील जाळतो. ड्राइव्हमध्ये किमान वेग ८० च्या वर बांधून टाका. तसेही मलवाहिनीत वेग सेकंदाला ०.६ मीटरच्या खाली गेला की वाळू बसू लागते. रात्रीच्या कमी प्रवाहाला मोठा पंप मंद चालवण्यापेक्षा वेगळा लहान पंप परवडतो.

पंप किती खातो ते मोजायला महाग यंत्र नको. आवकेचे गेट बंद करा, पंप चालवा, सम्पची, म्हणजे पंपाखालच्या टाकीची, पातळी एक मीटर उतरायला किती वेळ लागतो ते पाहा. ८ मीटर व्यासाच्या सम्पचे क्षेत्रफळ ५० चौरस मीटर. ८ मिनिटे लागली तर प्रवाह ताशी ३७५ घनमीटर. मीटरवर २५ किलोवॉट दिसत असतील तर घनमीटरमागे ०.०६७ युनिट. आदर्श आकडा म्हणजे हेड भागिले ३६७: १२ मीटरला ०.०३३. म्हणजे पंप आणि मोटर मिळून कार्यक्षमता ४९ टक्के. चांगल्या जोडीला ६५ मिळायला हवी. हा फरक बहुतेक वेळा वेअर रिंगच्या (पंपातली गळती रोखणारी कडी) झिजेचा किंवा इंपेलरवर (पंपाचे फिरते चाक) गुंडाळलेल्या चिंध्यांचा असतो. चिंध्या आल्या म्हणजे कचरा अडवणारी जाळी, बार स्क्रीन, नीट काम करत नाही.

पंप सुरू होण्याची पातळी एक मीटरने वर घेता आली तर १२ मीटरच्या हेडवर आठ टक्के वाचतात. येणारी मलवाहिनी तुंबून तिच्यात गाळ बसत नाही, एवढे पाहून.

प्रश्न : गाळापासून गॅस आणि गॅसपासून वीज करून केंद्र स्वतःच्या पायावर उभे राहील का? परदेशात अशी केंद्रे आहेत म्हणे.
— नगरसेविका, पुणे विभाग

उत्तर : आहेत. ऑस्ट्रियातले श्ट्रास हे केंद्र २००५ पासून स्वतःच्या गरजेपेक्षा जास्त वीज बनवणारे म्हणून ओळखले जाते. तिथे पहिल्या टप्प्यात हवा जेमतेम देतात, घाण जिरवण्याऐवजी गाळात पकडतात आणि तो ताजा गाळ डायजेस्टरला, म्हणजे गाळ कुजवून गॅस काढणाऱ्या हवाबंद टाकीला, देतात. आपल्याकडे सुरत महापालिकेने अंजना येथील केंद्रात २००३ मध्येच अर्ध्या मेगावॉटचा बायोगॅस वीजसंच बसवला. चेन्नईच्या कोडुंगैयूर, कोयंबेडूसारख्या केंद्रांतही गॅस इंजिने आली.

तुमच्या शहरात जमेल का, हे प्राथमिक क्लॅरिफायर, म्हणजे हवेच्या टाकीआधी गाळ बसवणारी टाकी, आहे का यावर ठरते. तो असेल तर एक एमएलडीमागे प्राथमिक आणि दुय्यम गाळातून चांगल्या स्थितीत साठएक घनमीटर गॅस मिळू शकतो. चांगल्या इंजिनात घनमीटरमागे २ युनिट, म्हणजे सव्वाशे युनिट. केंद्राच्या निम्म्याहून जास्त गरज भागते. पण अलीकडे आपल्याकडे बरीच केंद्रे एसबीआरची झाली आहेत. त्यांत प्राथमिक टप्पा नसतो आणि गाळ टाकीतच पंधरा-वीस दिवस पचलेला असतो. त्याला डायजेस्टर लावला तर गॅस फार तर एक-तृतीयांश. खर्च निघत नाही.

लहान केंद्राने यात पडू नये असे आमचे मत आहे. गॅसमधला हायड्रोजन सल्फाइड इंजिनाचे तेल आणि बेअरिंग खातो, त्याला गॅस धुणारा स्क्रबर लागतो, स्क्रबरला माणूस लागतो. माणूस नसल्याने मशालीत गॅस जाळून टाकणारी केंद्रे कमी नाहीत.

सोलरबद्दल आलेल्या चार पत्रांनाही इथेच उत्तर. एक किलोवॉटचे पॅनल महाराष्ट्रात दिवसाला साधारण ४ युनिट देते आणि दहा चौरस मीटर जागा घेते. रोज १,८०० युनिट खाणाऱ्या केंद्राला ४५० किलोवॉट आणि एक एकराहून थोडी जास्त मोकळी जागा हवी. आधी वापर १,३०० वर आणा, मग पॅनल मोजा. एरेशन टाकीवर छप्पर करून पॅनल बसवू नका, डिफ्युझरची ग्रिड उचलायला क्रेन तिथेच लागते.

प्रश्न : युनिट कमी झाले, बिल मात्र त्या प्रमाणात उतरले नाही.
— लेखा विभाग, महापालिका

उत्तर : तीन ओळी तपासा. उच्चदाब ग्राहकांना महाराष्ट्रात एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर आकारणी होते, म्हणजे युनिटना पॉवर फॅक्टरने (घेतलेल्या विजेतला प्रत्यक्ष कामी आलेला हिस्सा) भागून. पॉवर फॅक्टर ०.८५ असेल तर १०० युनिटना ११८ चे पैसे जातात. मोटरी हलक्या भाराने चालू लागल्या की पॉवर फॅक्टर उतरतो, त्यामुळे बचतीनंतर कपॅसिटर पुन्हा मोजावे लागतात. व्हीएफडी बसवल्या असतील तर साधे कपॅसिटर नकोत, हार्मोनिक्समुळे (व्हीएफडीने विजेच्या लहरीत केलेल्या बिघाडामुळे) ते फुगतात आणि फुटतात. सोबत ७ टक्क्यांचा डिट्यून्ड रिॲक्टर हवा.

दुसरी ओळ डिमांडची, म्हणजे एका वेळी ओढलेल्या कमाल विजेची. मोटर सुरू होतानाचा क्षणभराचा झटका डिमांड वाढवतो हा गैरसमज आहे. मीटर ठरावीक मिनिटांच्या खंडाची सरासरी धरतो. डिमांड वाढते ती वीज परत आल्यावर डीओ भरून काढायला राखीव ब्लोअरसकट सगळे तासभर चालवल्याने, किंवा पाळी बदलताना जुना बंद न करता नवा सुरू केल्याने. असा एक तास बिलात महिनोन्महिने रेंगाळतो, कारण आकारणीत मागच्या अकरा महिन्यांतल्या सर्वोच्च मागणीचा ठरावीक हिस्साही धरतात. एसबीआरच्या दोन टाक्यांचे हवेचे टप्पे एकमेकांवर येत असतील तर चक्र सरकवा.

तिसरी ओळ वर्गवारीची. पाणीपुरवठा आणि सांडपाणी केंद्रांना स्वतंत्र दर आहे. केंद्राच्या जोडणीवर दुसरी वर्गवारी पडली नाही ना, ते पाहा.

प्रश्न : चालवणारा ठेकेदार, बिल भरणारी पालिका. वीज वाचवण्यात त्याला रस कसा वाटेल? नव्या निविदेत काय लिहावे?
— शहर अभियंता, उत्तर महाराष्ट्र

उत्तर : ‘एमएलडीमागे अमुक युनिट’ अशी एका ओळीची हमी घेऊ नका. पातळ पाणी आले की ठेकेदार काही न करता जिंकतो. हमी तक्त्यात घ्या: ५०, ७५ आणि १०० टक्के प्रवाह, आणि प्रत्येकाला दोन-तीन बीओडी पातळ्या. वीज विभागवार मीटरवरून मोजायची, मीटरचे सील पालिकेचे. हमीच्या वर गेलेले युनिट त्या महिन्याच्या दराने बिलातून वळते करा आणि खाली राहिलेल्यांतला निम्मा वाटा ठेकेदाराला द्या. नुसता दंड ठेवला तर तो मीटरशी खेळतो.

ठेकेदारासाठी सगळ्यांत सोपी खोटी बचत म्हणजे रात्री ब्लोअर बंद ठेवणे आणि सकाळी नमुना घेण्याआधी सुरू करणे. म्हणून वाचलेल्या युनिटचा वाटा २४ तासांच्या संमिश्र नमुन्याच्या (दिवसभर थोडे थोडे घेऊन एकत्र केलेल्या) अहवालाशी जोडा. अमोनिया त्यात असलाच पाहिजे, कारण हवा तोडली की बीओडीच्या आधी तो चढतो. आणि ब्लोअर पॅनलची दर पंधरा मिनिटांची नोंद थेट पालिकेच्या संगणकावर घ्या.